झाडाच्या चिकाने कुत्र्याला खाज सुटली तर ओटमील शांपू कितपत कामाचा? माझा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. कुत्र्यांसाठीचा ओटमील (ओट्सचं पीठ) आणि प्रॅमॉक्सिनवाला (कातडी बधिर करणारं औषध असलेला) शांपू घरात असावा असाच आहे, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण बाटलीवर 'ॲलर्जीपासून आराम' असं मोठ्ठं छापलेलं असतं ते वाचून घेणार असाल तर पुढचं सगळं वाचा, कारण हा शांपू दोनच कामं करतो, अंगावर बसलेला चीक धुवून काढतो आणि आग-खाज काही तास कमी करतो. ही दोन कामं तो खरंच चांगली करतो. ॲलर्जी आतून थांबवणं हे कुठल्याच शांपूचं काम नाहीये आणि तशी अपेक्षा ठेवली की मग लोक एक स्टार देऊन मोकळे होतात. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, दोन-तीन कंपन्यांचे वापरून झालेत आणि घटक सारखे असतील तर फरक फक्त वासाचा आणि बाटलीच्या झाकणाचा.

आमची झिपरी, पाठीवर दाट लांब केस आणि पोट मात्र एकदम उघडं गुलाबी. तिच्या पोटावर, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ यायचं, रात्रभर चाटत बसायची, झोपेतून उठून पंजे चावायची, आणि पाठीवर बघावं तर एक चट्टा नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न, ही लोळते कुठे? कारण झाडापाल्याची रिॲक्शन बहुतेक वेळा केस विरळ असतात तिथेच उठते, म्हणजे पोट, काखा, जांघा, हनुवटी, ओठांच्या कडा, कानाची आतली बाजू, पंज्यांच्या बेचक्या. पिसवांची ॲलर्जी असेल तर खाज जास्त करून कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी असते. जागा बघून अर्धं निदान होतं असं म्हणायला हरकत नाही, त्यामुळे तुम्हीही आधी कुत्र्याला उताणं करून नीट उजेडात बघा, फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला फार उपयोग होतो.

तिच्या बाबतीत दोषी निघाली ट्रॅडेस्कॅन्शिया, ती जमिनीलगत पसरते ना, हिरवी नाहीतर चंदेरी-जांभळट पट्ट्यांची पानं, कुंडीतून खाली लोंबते, सावलीत मस्त वाढते. दिसायला इतकी निरुपद्रवी की कुणाला शंका येणार नाही, पण तिच्यावर लोळणाऱ्या कुत्र्यांना कॉन्टॅक्ट ॲलर्जी होते हे जनावरांच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. आणि ही ॲलर्जी लगेच उठत नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते. एखाद्या झाडाचा चीक, काटेरी लव किंवा पानातले सुईसारखे स्फटिक थेट कातडीला इजा करतात तेव्हा ते कुठल्याही कुत्र्याला होऊ शकतं आणि काही मिनिटांत, फार तर काही तासांत दिसतं. खरी कॉन्टॅक्ट ॲलर्जी वेगळी. तिच्यात शरीराची त्या झाडाशी आधी ओळख झालेली असावी लागते, आणि मग पुढच्या वेळी संपर्क आला की २४ ते ७२ तासांनी पुरळ फुलतं. म्हणजे आज दिसणाऱ्या पुरळाचं कारण परवाच्या फेरीत असतं आणि आपण मात्र आज बदललेल्या खाण्याला किंवा नवीन चादरीला दोष देत बसतो. वर्षानुवर्षं त्याच झाडात खेळणाऱ्या कुत्र्याला अचानक त्रास सुरू होतो तोही यामुळेच, ओळख व्हायला वेळ लागतो.

आता शांपूकडे येते. लेबलवर 'कोलॉइडल ओटमील' असं लिहिलेलं बघा. हे म्हणजे ओट्सचं अतिशय बारीक दळलेलं पीठ, पाण्यात घातलं की खाली न बसता तरंगत राहतं आणि कातडीवर पातळ थर धरतं. त्यात अव्हेनॅन्थ्रमाइड नावाचे घटक असतात, दाह आणि खाज कमी करण्याचं श्रेय त्यांना जातं. माणसांसाठी तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, कोलॉइडल ओटमीलला २००३ मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिलेली आहे, तेव्हा हे नुसतं घरगुती खूळ नाही. दुसरा घटक प्रॅमॉक्सिन, हा कातडी थोडी बधिर करतो, साधारण १ टक्का असतो. झिपरीच्या बाबतीत खरा फरक याने पडला. नुसत्या ओटमीलवाल्याने कातडी मऊ व्हायची पण चाटणं चालूच, प्रॅमॉक्सिनवाला लावला त्या संध्याकाळी ती पाय न चावता झोपली. आमच्या घरात त्या रात्री सगळेच झोपले. परिणाम टिकतो किती? धुवून टाकायचा शांपू आहे, त्यामुळे काही तास, नशीब चांगलं असेल तर एखादा दिवस. जास्त वेळ हवा असेल तर त्याच घटकांचा न धुता ठेवायचा स्प्रे किंवा फोम मिळतो, पंज्यांना तो जास्त सोयीचा.

माणसांचा शांपू किंवा साबण वापरू का हा प्रश्न हमखास येतो. नका वापरू. आपल्या कातडीचा पीएच ५.५ च्या आसपास, कुत्र्याचा त्यापेक्षा जास्त, ७ च्या जवळ. शिवाय त्यांच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ, पेशींचे जेमतेम ३ ते ५ थर. आधीच चिकाने भाजलेली कातडी, त्यावर आपला सुगंधी साबण चोळला तर ती आणखी कोरडी पडते आणि खाज वाढते.

वापरायची पद्धत मात्र नीट पाळा, कारण 'काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांनी अंगाला फेस केला आणि लगेच पाणी ओतलं असं असतं. शांपू अंगावर १० मिनिटं राहायला हवा. घड्याळ लावून १० मिनिटं, कारण भिजलेल्या कुत्र्याला धरून बसलं की ३ मिनिटंसुद्धा १० वाटतात. पाणी गार किंवा अगदी कोमट, गरम पाण्याने रक्तपुरवठा वाढून खाज भडकते. आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचं म्हणजे केसांत अडकलेला पाला-चीक निघतो, मग जिथे पुरळ आहे तिथून शांपूला सुरुवात करायची, म्हणजे पोट आणि पंजे पहिले आणि पाठ सगळ्यात शेवटी, त्यांना सगळ्यात जास्त वेळ मिळतो. घासायचं नाही, बोटांनी हलकं फिरवायचं. त्या १० मिनिटांत फेस चाटू द्यायचा नाही, कुणीतरी तोंडाशी बसून खाजवत, गप्पा मारत ठेवायचं नाहीतर चाटता येऊ नये म्हणून मिळते ती कोनाच्या आकाराची कॉलर गळ्यात घालायची. धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, बेचक्यांत राहिलेला शांपूच पुढे खाज आणतो. पुसताना टॉवेल दाबून पाणी टिपायचं आणि बोटांच्या मधल्या जागा अगदी कोरड्या करायच्या, ओल राहिली की तिथे मॅलसेझिया नावाचं यीस्ट वाढतं, आंबूस वास येतो आणि मग एक नवीनच दुखणं. पाठीवर पिसवांचं औषध टाकलेलं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोनेक दिवस आंघोळ टाळा, नाहीतर औषध धुवून जातं.

कुठल्या झाडाला हा शांपू पुरतो आणि कुठल्याला नाही हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पॉयझन आयव्ही, पॉयझन ओक ही झाडं जिथे उगवतात तिथल्या लोकांना उरुशिओल हे तेल माहीत असतं. आंबा, काजू, बिब्बा हे सगळे याच कुळातले, आंब्याच्या देठाचा चीक तोंडाला लागून ज्यांचं तोंड उतलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. गंमत अशी की कुत्र्याला याचा त्रास क्वचित होतो, केसांमुळे तेल कातडीपर्यंत पोचत नाही, पण ते केसांवर तसंच राहतं आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या माणसाच्या हातावर फोड येतात. इथे ओटमील शांपू एकटा कमी पडतो, तो सौम्य आहे, तेल तोडायची ताकद त्याच्यात नाही. आधी भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून त्याने धुवायचं, हातात जाड ग्लोव्हज घालून, आणि त्यानंतर कातडी शांत करायला हा. पट्टा, दोरी, कुत्र्याची गादी हेही धुवा, ते तेल वस्तूंवर खूप काळ टिकतं.

जायंट हॉगवीडसारखी झाडं आणखी वेगळी. त्यांच्या रसात फ्युरॅनोकुमरिन असतात, रस लागला आणि त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग राहतात. अंजिराच्या चिकातही हेच घटक असतात. फिकट रंगाच्या, आखूड केसांच्या कुत्र्यांना आणि नाक, ओठ, कान, पोट अशा उघड्या जागांना धोका जास्त. इथे शांपूपेक्षा वेग महत्त्वाचा, रस लागल्याचं कळल्याबरोबर धुवायचं आणि पुढचे ४८ तास कुत्र्याला उन्हात नेऊच नये. ऊन पडून फोड आल्यावर शांपूने काही होणार नाही, तिथे भाजल्याचेच उपचार लागतात.

खाजकुयली आणि नेटल, ही लवेची झाडं. नेटलच्या केसांची टोकं काचेसारखी ठिसूळ असतात, लागली की तुटतात आणि आत हिस्टामिन (ॲलर्जीत खाज आणणारं रसायन), ॲसिटिलकोलिन वगैरे सोडतात. दाट नेटलमधून पळालेला कुत्रा पंजे तोंडावर ओढतो, लाळ गाळतो, कधी अडखळतो सुद्धा. खाजकुयलीच्या शेंगांवरच्या लवेत म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते हिस्टामिनच्या वाटेने न जाता थेट खाजेच्या नसांना चेतवतं, म्हणून तिच्यावर खाजेच्या नेहमीच्या गोळीचा फारसा प्रभाव दिसत नाही. दोन्हीकडे पहिला नियम, चोळायचं नाही. पोटासारख्या उघड्या जागेवरची लव चिकटपट्टीने हलक्या हाताने उचलायची, मग वाहत्या पाण्याची धार, आणि त्यानंतर शांपू. आधीच शांपू लावून चोळलं तर तीच लव सगळीकडे पसरते.

युफोर्बिया म्हणजे शेर, पॉइनसेटिया, काटेरी क्राउन ऑफ थॉर्न्स या सगळ्यांचा पांढरा चीक. कातडीवर लागला असेल तर पाणी आणि हा शांपू, ठीक आहे. पण डोळ्यात गेला असेल तर शांपू त्या भागाच्या आसपासही नको, स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि सरळ डॉक्टर, बुबुळावर जखम होऊ शकते. डिफेनबाखिया, मनी प्लांट, अळूवर्गातली झाडं यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, त्यांचा त्रास मुख्यतः चावल्यावर तोंडात होतो. आणि कण्हेर किंवा सायकस चावला असेल तर कातडीचा विचारच बाजूला ठेवा. कण्हेर हृदयावर जाते, सायकस यकृतावर, तिथे मिनिट न घालवता दवाखाना गाठायचा आणि झाडाची फांदी किंवा फोटो सोबत न्यायचा.

कुसळांबद्दलही लिहिते कारण पंजाला लाल गाठ दिसली की सगळे ॲलर्जीच समजतात. गवताचं कुसळ बोटांच्या मधून आत शिरतं, त्याची रचनाच अशी की ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही. एकाच पंजाला, एकाच जागी सूज आणि त्यातून पू-पाणी, असं असेल तर कितीही शांपू लावा, डॉक्टरांनी कुसळ काढल्याशिवाय बरं होणार नाही.

आता घटक वाचताना काय टाळायचं. 'नॅचरल' म्हणून टी ट्री ऑइल घातलेले शांपू आणि स्प्रे भरपूर मिळतात, टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी ठरू शकतं, जास्त गेलं तर लडखडणं, थरथर, अशक्तपणा. मी ते घटकांच्या यादीत दिसलं की बाटली परत ठेवते. घरातलं कॅलामाइनही नको, त्यात झिंक ऑक्साइड असतं आणि कुत्रा जे लावाल ते चाटतोच, जास्त झिंक पोटात गेलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बेन्झोकेनचं मलम नको. स्वतःच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल चुकूनही नको. सर्दी आणि ॲलर्जीच्या काही एकत्र गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, तेही कुत्र्यासाठी धोक्याचं, म्हणून 'माणसांची ॲलर्जीची गोळी अर्धी देऊन बघा' असं कुणी सांगितलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

एक तुलना हवी असेल तर क्लोरहेक्सिडिनच्या शांपूशी करते, कारण तोही झिपरीला लागला. चाटून चाटून कातडी फुटली, पिवळसर खपल्या धरल्या, वास यायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी काचेची पट्टी कातडीवर दाबून मायक्रोस्कोपखाली बघितली आणि जिवाणू वाढलेत असं सांगितलं. तेव्हा ओटमील शांपू बंद आणि क्लोरहेक्सिडिन सुरू. हा जंतू मारतो पण कातडी कोरडी करतो, खाजेवर त्याचा थेट उपयोग नाही, आणि डोळ्यात-कानात जाऊ द्यायचा नाही. दोघांची कामं वेगळी. लाल, कोरडी, फक्त खाजणारी कातडी असेल तर ओटमील-प्रॅमॉक्सिन, खपल्या, पू, वास असेल तर आधी डॉक्टर. खाज फारच असेल तर ते काही दिवसांचं स्टेरॉइड देतात, किंवा ओक्लॅसिटिनिबसारखी गोळी, ती एक वर्षाच्या वरच्या कुत्र्यांसाठी असते. त्या वाटेला आपणहून जायचं नाही.

आणि हे लक्षणांचं पाठच करून ठेवा: तोंड-पापण्या सुजणं, अंगभर गांधी उठणं, अचानक उलट्या-जुलाब, श्वासाला त्रास, हिरड्या पांढऱ्या पडणं, गळून जाणं. कुत्र्यांत तीव्र ॲलर्जीची सुरुवात पुष्कळदा उलट्या-जुलाबांनीच होते त्यामुळे पोट बिघडलंय असं वाटून वेळ जातो. यातलं काही दिसलं तर आंघोळ घालत बसायचं नाही.

एक स्टार का कापला ते सांगते. पहिलं म्हणजे १० मिनिटं थांबायची सूचना मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात असते की ओल्या हाताने बाटली फिरवून ती कुणी वाचणार नाही, आणि शांपूचा सगळा परिणाम त्या एका सूचनेवर अवलंबून आहे. दुसरं म्हणजे वास. चिडलेल्या कातडीसाठी बनवलेल्या वस्तूत परफ्यूम कशाला? एका कंपनीच्या शांपूचा बदाम-व्हॅनिलाचा वास इतका होता की झिपरी शिंकत सुटली. बिनवासाचा मिळाला तर तोच घ्या. तिसरं, फेस कमी होतो. ही खरं तर चांगली गोष्ट आहे, सौम्य शांपूचं लक्षण, पण लांब केसांच्या कुत्र्याला बाटली लवकर संपते. आधी मगभर पाण्यात मिसळून घेतला तर पोटापर्यंत नीट पोचतो आणि पुरवठ्यालाही येतो. क्वचित एखाद्या कुत्र्याला ओट्सचीच ॲलर्जी असते, म्हणून पहिल्यांदा वापरताना छोट्या जागेवर लावून एक दिवस वाट बघा. आणि रोज रोज नको, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, अधल्या-मधल्या दिवशी फेरीवरून आल्यावर पोट आणि पंजे नुसत्या पाण्याने धुवून पुसायचे. या नुसत्या पाण्याने झिपरीला जितका फायदा झाला तितका कुठल्याच बाटलीने झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

झाड नेमकं कुठलं हे शोधायला डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत सोपी आहे. संशय असलेल्या जागेपासून कुत्र्याला १० ते १४ दिवस पूर्ण लांब ठेवायचं, पुरळ बसलं तर पुन्हा एकदा तिथे नेऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं. परत उठलं तर सापडलं. आधी कधी जोरदार सूज आली असेल तर हा प्रयोग घरी करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. आम्ही ट्रॅडेस्कॅन्शिया मुळासकट काढली, आणि मुळासकट म्हणजे खरंच मुळासकट, तिचा तुटलेला छोटासा तुकडाही ओल्या मातीत परत रुजतो. काढताना झिपरीला घरात ठेवलं आणि तुकडे उचलून झाल्यावरच बाहेर सोडलं. शांपू अजून आहे बाथरूममध्ये, आता महिन्याकाठी एखाद्या वेळी लागतो, कुठेतरी भलत्या झुडपात शिरून आली की. छोटं पिल्लू असेल, पोटुशी कुत्री असेल किंवा कातडी फुटून रक्त आलं असेल तर मात्र प्रॅमॉक्सिनवाला घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि घरात मांजर असेल तर ही बाटली तिच्यासाठीही चालेल असं गृहीत धरू नका, लेबलवर मांजराचा उल्लेख आहे का ते बघूनच ठरवा.